कोरड्या बंदरातला तांडेल

“अक्का, त्या तांडेलच्या पिशवीत कटर हाय,” शेवंता माझ्या कानाशी लागली. “दोन मुठी बघितल्या मी. लोखंडाच्या. ह्या डोळ्यांनी.”

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि तिरक्या नजरेनं पलीकडं बघितलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला, कंटेनरच्या सावलीत, कंटेनरला सील ठोकणारा तांडेल एकटाच जेवत बसला होता. पिशवी मांडीला चिकटवलेली. कुणी हिसकावून नेणार असल्यासारखी.

“मोठा हाय का?” मी विचारलं.

“मुठीच बघितल्या म्हणतीय न्हवं! पण मुठीवरनं मोठाच असणार.”

“सील तुटंल एवढा?”

शेवंतानं नुसते डोळे मोठे केले. तिला तेच म्हणायचं होतं, पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. माल भरणाऱ्या चाळीस बायांची मुकादम मी होते.

आता आधी आमचं बंदर सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी थापा मारायला लागली. बंदर होतं, समुद्र नव्हता. सांगलीकडच्या आमच्या माळावर, जिथं पावसाळ्यातसुद्धा ओढ्यात म्हैस धड भिजत नाही, तिथं तारेचं कुंपण होतं आणि पाटी होती, कोरडं बंदर. माल इथंच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टमवाल्यांनी इथंच तपासायचा, दाराला इथंच सील ठोकायचं आणि कंटेनर आगगाडीवर चढवायचा. गाडी जायची खऱ्या बंदरावर, तिथनं बोट, आणि दार उघडायचं ते थेट परदेशात. सगळा धंदा एका गोष्टीवर होता. इथं लागलेलं दार वाटेत कुणी उघडत नाही.

नव्या ट्रक-ड्रायव्हरांना मी सांगायची की अमावास्येला समुद्र स्वतःच येतो इथं, रुळांवरनं, आणि सिग्नल लाल दिसला की परत फिरतो. एक बिचारा पंजाबी अंथरूण घेऊन ट्रकच्या टपावर चढला होता. बाया हसून हसून खोक्यांवर पडल्या. मुकादमकी मला माझ्या कामानं मिळाली असेल, पण बाया माझ्यामागं यायच्या त्या असल्या गोष्टींसाठी.

तर हायवेला ट्रकवाल्यांचे एजंट बसायचे. व्यापाऱ्यांना म्हणायचे, आठवडाभर त्या गाडीची वाट कशाला बघता, आमच्या ट्रकात टाका, उद्या माल समुद्रावर. आमची गाडी एकच, गुरुवारची. त्यातली अर्धी गाडी भरायची मगदूम शेठच्या बेदाण्यानं. शेठ हायवेकडं वळले की गाडी बंद. गाडी बंद झाली की आम्ही चाळीस जणी परत कोयता घेऊन उसाच्या फडात. सावलीतलं काम आम्हाला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. ते सोडायला एकजण तयार नव्हती.

आणि तीच वेळ आली होती. पंचवीस वर्षं झाली असतील त्याला.

शुक्रवारी सकाळी आमचे मॅनेजर पणिक्कर साहेब शेडमध्ये आले, एका खोक्यावर चढले आणि हातातला कागद फडफडवायला लागले. ते केरळचे. मराठी झकास बोलायचे, फक्त बाई कोण आणि बुवा कोण हे आपल्या मर्जीनं ठरवायचे.

“मगदूम शेठचा ह्या हंगामाची पहिला कंटेनर,” ते म्हणाले. “दीड महिना पूर्वी गेला. तिकडे उघडला. दरवाजाच्या आतमध्ये घाण सापडली. कापडात बांधलेली. त्याच्यात जिवंत किडे! सगळी माल अडकला.”

बायांनी तोंडावर पदर धरला.

“वाटेत कोणी तरी हा दरवाजा उघडला. माझी बंदर बदनाम केला. शेठ सोमवारी येणार. सोमवारपर्यंत मला नाव पाहिजे. नाव नाही, तर ट्रेन नाही.”

त्या दिवसापासनं कोण कुणाकडं सरळ बघेना. क्रेनवाला पाण्याला गेला तरी दोघीजणी मागनं बघून यायच्या, खरंच पाण्यालाच गेला का. कस्टमवाल्यांच्या शिपायानं नवी चप्पल घातली तर ती कुठनं आली याची चौकशी झाली. मी स्वतः पणिक्कर साहेबांवरसुद्धा एक दिवस पाळत ठेवली. माणूस एवढा घाम का पुसतो, म्हणून. पण फिरून फिरून माझी नजर तांडेलवरच यायची.

सील म्हणजे बोटाएवढा लोखंडी खिळा, वर नंबर कोरलेला. एकदा ठोकला की कापल्याशिवाय निघत नाही. नव्या सिलांची पेटी तांडेलकडं, नंबरांची वहीही तांडेलकडं, गेटावरची झडतीही त्याच्याचकडं. मग दार उघडून, कापून, परत नवं सील कोण ठोकू शकतं? मी बोटांवर मोजायला बसले, तर पहिल्याच बोटाला मोजणी संपली. शिवाय माणूस समुद्राकडचा, कोळ्याचा. चार महिन्यांपूर्वी आला. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. रोज काम सुटलं की फाट्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जायचा आणि तोंडापुढं हात धरून बोलायचा. तोंडापुढं हात कशाला लागतो, सांगा बघू?

शेवंतानं कटरचं सांगितलं आणि मी उठलेच. वाटीत मिरचीचा ठेचा घेतला. ठेचा दिला की माणूस पाणी मागतो, आणि पाणी देता देता बोलणं काढता येतं.

“घे रे बाबा. तोंडी लाव.”

“नको अक्का.”

“विष न्हाई घातलेलं.”

त्यानं बोटाच्या टोकावर कणभर घेतला. पिशवी मात्र आणखी जवळ ओढली.

“तुझ्याकडं खरा समुद्र असताना हितं कोरड्यात मरायला कशाला आलास?”

“समुद्र आहे. मासळी नाही.”

“मग हायवेच्या एजंटांकडं जायचंस. ते तुमच्याच भागातले. वळखीचे असतील तुझ्या.”

“असतील.”

असतील! नाहीत म्हणाला नाही. मी आणखी जरा सरकून बसले.

“त्या पहिल्या कंटेनरला सील तूच ठोकलंस न्हवं?”

“मीच.”

“दार लावायच्या आधी आत बघितलंस?”

त्याचा घास हातातच राहिला. “बघितलं.”

“काय बघितलंस?”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, “बेदाणा.”

आणि त्याचे कान लाल झाले. ठेच्यानं होतात कान लाल, पण त्यानं ठेचा खाल्लाय कुठं, नुसता चाटलाय. माणूस खोटं बोलायला लागला की मला लगेच कळतं. माझा स्वतःचा एवढ्या वर्षांचा सराव.

तशीच पणिक्कर साहेबांच्या ऑफिसात गेले.

“साहेब, तांडेलच्या पिशवीत कटर हाय.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही बघितला?”

इथं मी म्हणायला हवं होतं, मी नाही, शेवंतानं बघितला, आणि तिनंही नुसत्या मुठी बघितल्या. पण साहेब खुर्चीतनं पुढं झुकले होते. असं कुणी ऐकायला लागलं की माझी जीभ माझी राहत नाही.

“बघितला की. हाताएवढा.”

“कधी?”

“त्याच दिवशी. गाडी सुटायच्या आधी.”

“मग?”

“मग काय, कंटेनरच्या दाराशी वाकला होता. बगलेत गाठोडं. मला बघितल्यावर गाठोडं पाठीमागं धरलं आणि शीळ घालाय लागला.”

शीळ मला स्वतःलाच फार आवडली. शिळेमुळं सगळं खरं वाटायला लागलं.

साहेबांनी सगळं कागदावर उतरवलं आणि मला वाचून दाखवलं. कागदावर ते असं ताठ उभं राहिलं की मलाच ओळखू येईना. पेन मी एकदा खाली ठेवलं. पण दारात शेवंता उभी होती, तिच्यामागं आणखी चौघी. मी सही केली.

तासाभरात तांडेलचा गेटपास काढून घेतला. सोमवारी शेठसमोर यायचं, तोवर आत पाय टाकायचा नाही. तो भांडला नाही. पेटी, वही, सगळं टेबलावर नीट मांडलं, एकदा आमच्या शेडकडं बघितलं आणि गेला. मला त्याचं ते न भांडणं आणखीच खटकलं. दोष नसलेला माणूस भांडतो. आम्ही बाया तर दोष असला तरी भांडतो.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला एकटीलाच आत बोलावलं. शेठ अजून यायचे होते. तिकडच्या तपासणीवाल्यांनी कॉम्प्युटरवर फोटो पाठवला होता, साहेबांनी तो छापून घेतला होता.

“हौसाक्का, हे बघा. तुमच्या इकडचा जादूटोणा आहे का? करणी?”

मी फोटो हातात घेतला. पांढऱ्याधोप टेबलावर एक हिरवं कापड पसरलेलं. त्यावर एकेक वस्तू वेगळी काढून मांडलेली, आणि प्रत्येकीपुढं नंबराची चिठ्ठी, खून झाल्यावर पोलीस ठेवतात तशी.

कापड म्हणजे माझा खण होता. शेवंताच्या लेकीच्या लग्नात मला मिळालेला, काठाला तेलाचा डाग पडला म्हणून न शिवता ठेवलेला. त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक.

ओटी होती ती. आम्ही भरलेली.

हे तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हे त्या तीन दिवसांत माझ्याच मनात आलं नव्हतं. हंगामाचा पहिला कंटेनर भरून झाला की आम्ही त्याची ओटी भरायचो. आमच्या हातनं भरलेला, आमच्या अंगणातनं निघालेला, बोटीत बसून परमुलखात जाणार. लेक सासरी निघाली तर तिला रिकाम्या ओटीनं कोण लावून देतं? आदल्या दोन वर्षीही भरली होती. तेव्हा ती कुणाला सापडली नाही की तांदूळ बरा होता, देव जाणे. ह्या वर्षीचा तांदूळ माझ्या घरचा, डब्याच्या तळातला. त्यात पोरकिडे झालेले मला दिसले होते. चाळायचा कंटाळा केला. म्हटलं, शिजवायचाय थोडाच.

साहेबांनी घाण म्हणून सांगितलं होतं. ओटीला कुणी घाण म्हणेल, हे डोक्यात यावं तरी कसं?

“हौसाक्का? जादू आहे?”

“सांगते साहेब. जरा भाईर जाऊन येते.”

तांडेल गेटाबाहेर बाभळीखाली बसला होता. धुतलेला शर्ट, केस चप्प बसवलेले. शेठसमोर जायचं म्हणून. मी त्याच्याजवळ धुळीतच बसले.

“तांडेल, ते आम्हीच ठेवलं होतं.”

“माहीत आहे.”

“म्हाईत हाय?”

“दार लावायच्या आधी आत बघितलं, असं सांगितलं ना तुम्हाला. खोक्यांना टेकून ठेवलेली. वर हळदकुंकू.”

“मग बोलला का न्हाईस मेल्या!”

“काय बोलू? आत मालाशिवाय काही नाही, असं लिहून मी सही केलेली. ओटी बघितली म्हणालो, तर बघून दार लावलं हेही आलंच.” त्यानं जमिनीवरचा काटा उचलून बाजूला टाकला. “काढायला हात घातला होता मी. पण आमच्याकडं नवी होडी पाण्यात लोटतात, तेव्हा नाळीवर, पुढच्या टोकावर, नारळ ठेवतात. तो कुणी उचलत नाही. हात मागं आला.”

“वाटलं, तुम्ही बोलाल,” तो म्हणाला. “तुमचीच ओटी. कळेलच तुम्हाला. तुम्ही ठेचा घेऊन आलात, आत काय बघितलंस विचारलंत, तेव्हा वाटलं, अंदाज घ्यायला आलात. मी नाव घेणार नाही, हे कळावं म्हणून बेदाणा म्हणालो. आणि तुम्ही उठून गेलात आणि कटर बघितलात.”

“मी बोलले, हे कुणी सांगितलं?”

“टेबलावर कागद उघडा होता. सही वाचता येते मला.”

त्यानं पिशवी उघडली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत जेवणाचा डबा आणि अडकित्ता. लोखंडी, दोन मुठींचा. “सुपारी लागते मला,” तो म्हणाला. “बायका हसतात म्हणून लपवून खातो. बूथमध्येसुद्धा तोंडापुढं हात धरतो.”

तेवढ्यात शेठची गाडी गेटातनं आत गेली.

“आत येऊन सांगशील?” मी विचारलं.

“तुम्ही सांगा. तुमचं लोक ऐकतात.”

टोमणा होता का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी ऑफिसाच्या दारात पोचले तेव्हा मगदूम शेठ बोलत होते. काटकुळा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही, म्हणून जास्तच भीती वाटायची.

“पणिक्कर साहेब, चोर कुठंही असतो. मला चोर नको. मला एवढंच सांगा, तुमचं दार वाटेत उघडतं की नाही? उघडत असेल तर माझा माल उद्यापासून हायवेनं.”

“शेठ, आम्ही माणूस पकडला!” साहेबांनी माझा कागद त्यांच्यापुढं सरकवला. “साक्षीदार आहे. सील त्यानेच तोडला, नवा त्यानेच लावला. काढून टाकला त्याला.”

शेठनी कागद वाचला. चष्मा काढला.

“म्हणजे उघडतं,” ते म्हणाले आणि उठले.

तेव्हा मला समजलं. बंदर वाचवायला दिलेला माझा कागदच गाडी बंद करत होता.

“न्हाई उघडत!” मी दारातनंच ओरडले. “शेठ, बसा. दार कुणी उघडलं न्हाई. ती घाण न्हाई, ओटी हाय. आम्ही बायांनीच भरली, हितंच, दार लागायच्या आधी.”

“हौसाक्का,” पणिक्कर साहेब हात जोडून म्हणाले, “आज गोष्ट नको. पाया पडतो.”

“गोष्ट न्हवं ही!”

“तांडेलला वाचवायला आली काय? परवा एक सांगितला, आज दुसरा!”

शेठ दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. तीन दिवस मी ज्या नजरेनं तांडेलकडं बघत होते, तीच ती नजर. आता ती माझ्यावर होती.

“साहेब,” मी म्हटलं, “तिकडनं यादी आली असंल. काय काय घावलं त्याची. मला तुम्ही फोटो दाखवलाय, यादी न्हाई. व्हय का न्हाई?”

“आली आहे.”

“फोटोत बदाम दिसत न्हाई. यादीत असंल. आणि एकच असंल. ओटीत दोन घालत्यात. दुसरा शेवंतानं खाल्ला. मी बघितलं.”

साहेबांनी कागद चाळले. बोट एका ओळीवरनं सरकत गेलं आणि थांबलं. त्यांनी शेठकडं बघितलं.

“बदाम,” ते हळूच म्हणाले. “एक नग.”

शेठ खाली बसले.

“म्हणजे दार लागल्यावर कुणी हात लावला नाही?”

“न्हाई.”

“इथनं तिथवर?”

“किडंसुद्धा हितलंच हाय शेठ. माझ्या डब्यातलं. वाटंत एक चढलं न्हाई.”

शेठच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण लगेच विझलं. पणिक्कर साहेब मात्र आता वकिलासारखे माझ्याकडं वळले. “पण दार लावताना तांडेलने आत बघायला पाहिजे होता. त्याला दिसला नाही?”

बाभळीखाली बसलेला तो धुतलेला शर्ट माझ्या डोळ्यांपुढं आला.

“कसं दिसंल? आम्ही शेवटच्या खोक्यांच्या फटीत पार आत दडपलं होतं. गाडीच्या हिसक्यानं पुढं आलं असंल.”

“आणि हे काय?” शेठनी माझा सहीचा कागद उचलला. “कटर. गाठोडं. शीळ.”

“ते मी बघितलं न्हवतं.”

“यातलं किती बघितलं होतं?”

“कायसुद्धा न्हाई.”

आयुष्यात एवढीशी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

शेठनी कागद दुमडला, परत दुमडला, आणि साहेबांच्या हातात दिला. “गाडीला माझा माल येईल,” ते म्हणाले. “पण कंटेनरमध्ये बेदाण्याशिवाय काडीसुद्धा जाता कामा नये. आणि ही बाई ह्या कुंपणाच्या आत दिसता कामा नये.”

पणिक्कर साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं.

“शेवंताला मुकादम करा,” मी म्हटलं. “कामाला चोख हाय. बदाम तेवढा हाती देऊ नका तिच्या.”

शेडमध्ये जाऊन मी माझी पिशवी उचलली. बायांना अजून काही कळलं नव्हतं. शेवंता विचारत होती, “काय झालं अक्का, सांगा की, सापडला का चोर?” आणि चाळीस तोंडं माझ्याकडं वळली होती, गोष्टीची वाट बघत. मी म्हटलं, “सापडला,” आणि चालायला लागले.

गेटावर तांडेल होता. पास परत मिळाला होता, वही हातात होती.

“पास द्या अक्का.”

मी दिला. त्यानं नंबर लिहून घेतला.

“पिशवी उघडा.”

“माझी?”

“सगळ्यांची उघडतो.”

मी उघडली. त्यानं डबा बाहेर काढला, झाकण काढून आत बघितलं, परत लावलं. पाण्याची बाटली काढली. डोक्याला बांधायचा रुमाल झटकला. मग पिशवी उलटी करून तिच्या तळाला हात घातला आणि शिवणीवरनं बोटं फिरवली. मागं एक ट्रक हॉर्न वाजवत थांबला होता. तांडेलला काही घाई नव्हती.

“काय शोधतोस रे एवढं?” मी विचारलं. “आता माझ्याकडं काय असणार?”

“काही नसेल.” त्यानं एकेक वस्तू होती तशी परत आत ठेवली. “पण बघितलं म्हणून लिहायचं, तर बघावं लागतं.”

त्यानं वहीत एक ओळ लिहिली, ‘पिशवी उघडून बघितली, काही नाही,’ आणि वही माझ्यापुढं फिरवली. ती ओळ मी दोनदा वाचली. मग तिच्याखाली सही केली.